आक्काची रांग आणि माझं टोकन: एका सरकारी रुग्णालयाच्या मोबाइल सेवेचा अनुभव

आमच्या भागातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढण्यासाठी मोबाइलवर टोकन घेण्याची सोय झाली आहे. एकाच आठवड्यात मी ती दोनदा पाहिली, मंगळवारी स्वतःसाठी आणि शुक्रवारी आक्कासाठी. मंगळवारी मला १२ मिनिटं लागली. शुक्रवारी आक्काच्या हातात केसपेपर पडायला २ तास ४० मिनिटं गेली, आणि तोवर सर्जरीचे मोठे डॉक्टर ऑपरेशनला निघून गेले होते. रुग्णालय तेच, खिडक्या त्याच, बसलेली माणसंही तीच. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण अशी व्यवस्था तिथे एकट्याच ठिकाणी असेल असं मला वाटत नाही.

आधी माझं सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. ३१ वर्षांच्या नोकरीतली बहुतेक वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. थायरॉईड आणि बीपीसाठी दर दोन महिन्यांनी रुग्णालयात जाते. पूर्वी सकाळी साडेसातला जाऊन रांगेत उभी राहायची. आता दारातून आत गेलं की भिंतीवर मोठा क्यूआर कोड लावलेला आहे. फोनमधलं आभाचं, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य क्रमांकाचं अ‍ॅप उघडायचं, कोड स्कॅन करायचा आणि माहिती पाठवायला होकार द्यायचा. नाव, वय, पत्ता सगळं खिडकीवरच्या संगणकात जातं आणि आपल्या फोनवर टोकन नंबर येतो. फलकावर नंबर लागला की जाऊन छापलेला केसपेपर घ्यायचा.

ही सोय खरोखर चांगली आहे. खिडकीच्या जाळीतून, मागून धक्के खात, आपलं आडनाव तीनदा ओरडून सांगावं लागत नाही. माझ्या जुन्या केसपेपरांवर माझं आडनाव चार तऱ्हांनी लिहिलेलं आहे. वयही दर वेळी दोन-तीन वर्षांनी इकडेतिकडे. त्यामुळे मागचे रिपोर्ट कधी एकत्र सापडायचे नाहीत. आता १४ आकडी आभा क्रमांकामुळे नाव एकच राहतं. देशभरात ही आयुष्मान भारत डिजिटल मिशनची योजना सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. कोड स्कॅन करून नोंदणीची पद्धत ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पहिल्यांदा आली आणि तिथून पसरली. मंगळवारी मी पावणेनऊला आत गेले आणि ८ वाजून ५७ मिनिटांनी माझ्या हातात कागद होता. एवढ्यावरच अभिप्राय लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते.

पण शुक्रवारी आक्का बरोबर होत्या.

आक्का आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. आधारवर वय ६६, खरं त्यांनाही माहीत नाही. उभा जन्म निंदणी, खुरपणी, काढणीत गेला. मुलगा आणि सून दरवर्षी दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात, ते पाडव्याच्या आसपास परत येतात. तेवढे महिने आक्का आणि दोन नातवंडं घरी. आक्कांकडे बटणांचा फोन आहे. हिरवं बटण दाबलं की बोलता येतं, लाल दाबलं की बंद होतो, एवढं त्यांना येतं आणि त्यावर त्यांचं चाललेलं असतं.

जानेवारीत तुरीचं धसकट त्यांच्या टाचेत गेलं. कापलेल्या तुरीचं बूड जमिनीत कसं खिळ्यासारखं उभं राहतं ते शेतात चाललेल्यांना सांगायला नको. त्यांना सहा वर्षांपासून शुगर आहे. पायाला फारसं जाणवलंच नाही. हळद आणि तेल लावून आठ दिवस कामावर गेल्या. नवव्या दिवशी चप्पल ओली लागली म्हणून पाहिलं तर टाच काळी पडलेली.

मी त्यांना आधी गावातल्या उपकेंद्रात नेलं. त्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, आमच्या तोंडी अजून उपकेंद्रच. तिथली गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण यंत्र तिथेही तेच होतं, मोबाइल आणि इंटरनेट.

तिथे समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून एक तरुण ताई आहेत. त्यांनी आक्कांना खुर्चीवर बसवलं, बीपी घेतलं, बोटाला सुई टोचून शुगर पाहिली. ३१२ होती. मग लॅपटॉपवर ई-संजीवनी उघडलं. ही दूरवरून तपासण्याची सरकारी सेवा आहे. उपकेंद्रातून मोठ्या डॉक्टरला विचारण्याची सोय नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. घरबसल्या थेट फोनवरून डॉक्टरशी बोलायची सोय आली ती लॉकडाऊनमध्ये, १३ एप्रिल २०२० ला. आक्कांना यातलं काहीही करावं लागलं नाही. नाव त्या ताईंनी भरलं, तक्रार त्यांनी लिहिली, आकडे त्यांनी टाकले.

पडद्यावर एक डॉक्टर बाई आल्या. त्यांनी मराठीतच विचारलं, "आजी, पायाला मुंग्या येतात का?" आक्का लॅपटॉपकडे न बघता ताईंकडे बघून उत्तर देत होत्या. ताई तेच उत्तर जरा मोठ्याने पडद्याला सांगायच्या. मग डॉक्टर म्हणाल्या, जखम दाखवा. खोलीत उजेड कमी होता, पडद्यावर नुसता काळा डाग दिसत होता. ताईंनी आक्कांची खुर्ची दारापाशी ओढली, उन्हात टाच धरली, स्वतः जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि फोनचा कॅमेरा जखमेपासून वीतभर अंतरावर स्थिर धरला. मधेच नेट गेलं. चित्र थांबलं, आवाज चालू राहिला. पुन्हा लावलं. डॉक्टरांनी पाहून सांगितलं, हे इथे होणार नाही, सर्जरीच्या ओपीडीला दाखवा, उशीर करू नका. ताईंनी जखम धुऊन पट्टी बांधली, गोळ्या दिल्या आणि कुठे जायचं ते कागदावर लिहून दिलं. सगळं मिळून अर्धा तास. आक्कांचा एक रुपया गेला नाही आणि दुपारची खुरपणीची पाळीही बुडली नाही. अर्थात खुरपणीला जायचं नाही असं मी त्यांना दटावलं, ते वेगळं.

फेब्रुवारी २०२३ पर्यंत ई-संजीवनीवरून १० कोटी सल्ले झाले होते. त्यातले बहुतेक अशा उपकेंद्रांतून, कुणीतरी शेजारी बसून झालेले आहेत. आक्कांसारख्यांना ही सेवा मिळाली ती अशीच मिळाली. तेच अ‍ॅप घरून वापरा म्हटलं असतं तर आक्कांची टाच काळीची हिरवी झाली असती.

आता शुक्रवार.

सकाळी ६.४० ची एसटी धरली. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तिथवर पोचणं तरी परवडतं. साडेआठच्या थोडं आधी आम्ही दारात होतो. केसपेपरच्या चार खिडक्या. तीन टोकनवाल्यांसाठी आणि एक बाकीच्यांसाठी. टोकनच्या खिडक्यांसमोर मिळून पंधरा-वीस माणसं खुर्च्यांवर बसलेली. चौथ्या खिडकीची रांग दारातून बाहेर, कडुनिंबाच्या पारापर्यंत. रांगेत जवळजवळ सगळी म्हातारी माणसं, बायका, लेकुरवाळ्या, आणि कामावरूनच आल्यासारखे कपडे घातलेले पुरुष. मंगळवारी मी याच दालनात बसले होते आणि ही रांग मला दिसली नव्हती. माझं लक्ष फलकाकडे होतं.

दारावरच्या पहारेकऱ्याने आक्कांना विचारलं, "मोबाइल हाय का, मावशी? मोठा?" आक्कांनी कमरेची पिशवी उघडून फोन दाखवला. तो म्हणाला, "ह्यो नाही चालत. मग तिकडं." माणूस उद्धट नव्हता. त्याला जे सांगितलं होतं ते तो सांगत होता.

मला वाटलं, माझा फोन आहेच, त्यांचं आभा इथेच काढून टाकू. आक्कांना रांगेत उभं केलं आणि मी भिंतीपाशी जाऊन आधार क्रमांक भरला. ओटीपी गेला. कुठे गेला? आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर मुलाचा. आधार काढलं तेव्हा घरात फोन त्याच्याकडेच होता. मुलगा त्या वेळी इथून अडीचशे किलोमीटरवर उसाच्या फडात. तो माझा विद्यार्थी. फोन लावला तर बंद. दहा मिनिटांनी पुन्हा लावला, लागला. मागे ट्रॅक्टरचा आवाज. "बाई, फोन टोळीच्या बैलगाडीत ठेवलाय म्हणून उशीर झाला, थांबा बघतो." तोवर मुदत संपली होती. दुसरा ओटीपी पाठवला. त्याने मेसेज वाचून सांगितला तो आधीचाच आकडा होता. तिसऱ्यांदा पाठवला तेव्हा त्याची रेंज गेली. पोराचा आवाज रडवेला झाला होता. तो फडात मोळ्या सोडून उभा, मी इथे भिंतीला टेकून, आणि आक्का रांगेत जमिनीवर बसलेल्या, कारण त्या पायावर उभं राहता येत नव्हतं. मागच्या बाईने त्यांची जागा धरून ठेवली. रांग पुढे सरकली की ती आक्कांना दंडाला धरून दोन पावलं पुढे न्यायची.

बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात आभा काढून मिळतं असं कुणीतरी सांगितलं. तिथे गेले. ५० रुपये. सरकारी सेवा फुकट, पण ती भरून देणाऱ्याला पैसे. आणि त्यालाही ओटीपी हवाच होता. बोटाचा ठसा चालेल का म्हटलं. त्याच्याकडे ते यंत्र नव्हतं, आणि असतं तरी आक्कांच्या बोटांवर रेघा उरलेल्या नाहीत. रेशनच्या दुकानातही त्यांचा अंगठा चौथ्या-पाचव्या वेळेस लागतो. मी त्यांचा हात बघितला आहे. विळा, खुरपं आणि दोर यांनी तो घासून गुळगुळीत केला आहे.

११ वाजून १० मिनिटांनी केसपेपर मिळाला. सर्जरीच्या ओपीडीत एका शिकाऊ डॉक्टरांनी पाहिलं. त्यांनी मनापासून पाहिलं, हे मी आवर्जून लिहिते. जखम साफ केली, पाय कापावा लागणार नाही असं वाटतं म्हणाले. पण निर्णय मोठ्या डॉक्टरांचा, त्यामुळे उपाशीपोटी रक्त आणि एक्स-रे घेऊन सोमवारी पुन्हा या. म्हणजे आणखी एक दिवस, आणखी ३०० रुपयांची मजुरी, आणखी एकदा नातवंडं शेजारणीकडे.

रांगेतली एक गोष्ट राहिली. आमच्या पुढे विशीतली एक सून उभी होती, सासूबरोबर आलेली. सासू पाणी प्यायला गेली तेव्हा तिने मला हळूच विचारलं, "बाई, रिपोर्ट कुणाच्या फोनवर येतो?" मी म्हटलं, जो नंबर देशील त्याच्यावर. ती गप्प झाली. मग म्हणाली, "फोन त्यांच्याकडेच असतोय." कसली तपासणी होती ते मी विचारलं नाही. तिचा प्रश्न मात्र त्या दिवसापासून डोक्यात आहे. कागदाचा रिपोर्ट ती घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवू शकली असती. फोनवरचा रिपोर्ट ज्याच्या खिशात फोन आहे त्याचा होतो.

ही एकटी-दुकटी बाई नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची पाचवी फेरी सांगते की देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५३.९ टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता, आणि कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या ३३.३ टक्के. पुरुषांत हाच आकडा ५७.१ टक्के. आक्का तर या मोजणीत धरलेल्याच नाहीत, त्यांचं वय ४९ च्या पुढचं. दवाखान्याची गरज सगळ्यात जास्त कुणाला लागते, तर त्याच वयाला. म्हणजे ज्यांना तीन खिडक्या हव्यात त्यांना एक, आणि ज्यांचं एकीत भागलं असतं त्यांना तीन.

हे आपण आधीही पाहिलं आहे. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाची कोरोनाची लस सुरू झाली तेव्हा कोविन या सरकारी संकेतस्थळावर आधी नोंदणी सक्तीची होती आणि पान इंग्रजीत होतं. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासमोर शहरातून आलेल्या मोटारी उभ्या असायच्या. शहरात जागा मिळेना म्हणून शिकलेल्या पोरांनी गावाकडचे स्लॉट क्षणात भरलेले. गावातली पोरं पारावर बसून बघत होती. महाराष्ट्रात ठिकठिकाणी तेव्हा हेच झालं. त्याच महिन्याच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने सरकारला विचारलं की ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी लस कशी घ्यायची. मग केंद्रावर येऊन नाव नोंदवायची मुभा सगळ्यांना झाली, जूनमध्ये कोविनवर मराठीही आलं. तेव्हा जे शिकलो ते या दालनात कुणाला आठवलेलं दिसत नाही.

पहिलीच्या वर्गात मी पहिल्या दिवसापासून एक गोष्ट पाळली. ज्या पोराला अजून अक्षर येत नाही त्याच्या शेजारी मी स्वतः बसायचे, येणाऱ्याला पुढचं पान द्यायचे. त्या दालनात फलकावर "सेल्फ रजिस्ट्रेशन" असं लिहिलेलं आहे, खाली हिंदी. मराठी कुठेच नाही. चौकोनी कोडाचा अर्थ काय हे सांगणारं माणूस नाही. सरकारी योजनांत असं माणूस ठेवायची पद्धत नवी नाही. २०१२ मध्ये जीवनदायी योजना आली, जिला आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात, तेव्हापासून रुग्णालयात टेबल मांडून आरोग्यमित्र बसतो. कागद कोणता, ऑनलाइन मंजुरी कुठे अडली, हे तो बघतो. रुग्णाला संगणक यावा लागत नाही. १०८ ची रुग्णवाहिकाही आक्कांच्या त्याच बटणांच्या फोनवरून येते, तीन आकडे दाबले की झालं.

शुक्रवारी निघताना मी रुग्णालयाच्या कार्यालयात गेले आणि हाताने अर्ज लिहून दिला. दुसरी एक खिडकी बिनटोकनवाल्यांना द्या, साठीच्या पुढच्यांना आणि चालता न येणाऱ्यांना बसायला बाक द्या, फलक मराठीत लावा, आणि सकाळी ८ ते ११ टोकन काढून देणारं एक माणूस दारात उभं करा. अर्जावर पोच घेतली. आभा ऐच्छिक आहे, ते नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत, हेही त्यात लिहिलं. इथे उपचार कुणी अडवले नाहीत, पण अडीच तास उन्हात बसवणं हे अडवण्याच्या किती जवळ जातं ते आक्कांच्या पायाला विचारावं.

गुणांचं विचाराल तर उपकेंद्रातल्या व्हिडिओ तपासणीला मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा गुण नेट जातं म्हणून कापला, ताईंचा त्यात दोष नाही. रुग्णालयाच्या टोकन सेवेला पाचपैकी दोन. ते दोन माझ्या मंगळवारचे आहेत.

तुम्ही तिथे किंवा अशाच रुग्णालयात कुणा वयस्कर माणसाला घेऊन जाणार असाल तर आधी आधारला कुणाचा नंबर जोडलेला आहे ते घरीच विचारा, आणि तो माणूस बाहेरगावी असेल तर आदल्या रात्री तो मोकळा असताना आभा काढून ठेवा. शनिवारी रात्री आम्ही आक्कांचं तसंच काढलं. मुलगा कोपीत, म्हणजे ऊसतोडीवरच्या झोपडीत, जेवायला बसला होता, पहिल्याच ओटीपीला काम झालं. क्रमांक मी त्यांच्या दवाखान्याच्या पिशवीवर पेनाने मोठा लिहून दिला आहे. माझ्यासारखी शेजारीण नसेल तर आशाताईंना विचारा, पण त्यांच्यावर आधीच किती ऑनलाइन कामं आहेत तेही ध्यानात घ्या.

सोमवारी टोकनवर गेलो तेव्हा १५ मिनिटांत केसपेपर मिळाला. मोठ्या डॉक्टरांनी टाच पाहिली, हाडापर्यंत गेलेलं नाही म्हणाले. दर तीन दिवसांनी ड्रेसिंग गावातच उपकेंद्रात, पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायचं. टोकन लागायची वाट बघत खुर्चीवर बसलो होतो तेव्हा आक्का सारख्या मागे वळून दाराबाहेरच्या रांगेकडे बघत होत्या. शुक्रवारी त्यांची जागा धरून ठेवणारी बाई तिथे दिसते का, म्हणून.